दुसरा अहवाल येईपर्यंत

पत्र : माझे यजमान ट्रॉलरवर खलाशी आहेत, वय ४१. त्यांना एचआयव्ही आहे आणि २०१४ पासून जिल्ह्याच्या सरकारी केंद्रातून त्यांची एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी रोजची औषधे, चालू आहे. आधी रात्रीची गोळी होती, २०२१ मध्ये ती बदलून नवी दिली. माझी तपासणी निगेटिव्ह आहे. हे फक्त आम्हा दोघांना माहीत. सासूबाईंना नाही, बोटीवर तर कुणालाच नाही. गेल्या वर्षापर्यंत व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) ‘सापडत नाही’ असा येई. यंदा मासेमारी बंदी लागल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात रक्त दिले, त्याचा अहवाल ऑगस्टच्या मध्यावर मिळाला : २३,४००. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ५१० वरून ३६० वर आले. समुपदेशक मॅडमनी दर महिन्याला यायला सांगितले, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू म्हणाल्या, गोळी तीच ठेवली. माझा भाऊ म्हणतो, हा सरकारी वेळकाढूपणा आहे. मुंबईला खाजगी डॉक्टरांकडे नेऊन पुढच्या टप्प्याची औषधे विकत घेऊ. घाटावरचे एक वैद्य सहा महिन्यांत आजार मुळासकट काढतो म्हणतात, पण सरकारी गोळी बंद करण्याची अट घालतात. यजमान रोज गोळी घेतो असेच सांगतात. त्यांना पित्ताचा त्रास फार, म्हणून पित्ताचे गुलाबी पातळ औषध आणि अधूनमधून शंखभस्म चालूच असते. औषधे खरेच निकामी झाली का? तीन महिने थांबणे धोक्याचे नाही का?
– एक भगिनी, देवगड तालुका

उत्तर : ताई, आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरे देतो, मग त्यांची कारणे. औषधे निकामी झाली आहेत असे आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तीच गोळी चालू ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासण्याचा केंद्राचा निर्णय योग्य आहे. मात्र हे तीन महिने नुसते वाट पाहण्याचे नाहीत. त्या काळात नेमके काय शोधायचे, हे तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितलेले दिसत नाही आणि तुमच्या भावाला हा वेळकाढूपणा वाटतो तो त्यामुळेच. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता पित्ताच्या औषधाचा उल्लेख केला आहे. मला विचाराल तर साऱ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

यजमानांची सध्याची गोळी ही टेनोफोव्हिर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची एकत्रित गोळी असणार, कारण २०२०-२१ च्या सुमारास सरकारी केंद्रांनी एफाव्हिरेन्झ असलेली जुनी गोळी बदलून हीच द्यायला सुरुवात केली. गोळीच्या डबीवरची नावे एकदा वाचून याची खात्री करून घ्या. यातले डोल्युटेग्राव्हिर हे फार प्रभावी औषध आहे, पण त्याची एक खोड आहे. पोटात त्याची गाठ मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह किंवा जस्त यांच्याशी पडली, तर ते त्यांना बांधले जाते, आणि असे बांधले गेलेले औषध आतड्यातून रक्तात पुरेसे शोषले जात नाही. पित्तावरच्या पातळ औषधांत बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचेच क्षार असतात, आणि शंखभस्म म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम. म्हणजे असे होऊ शकते की माणूस प्रामाणिकपणे रोज गोळी गिळतो, डबी वेळेवर रिकामी होते, केंद्रातल्या मोजणीत गोळ्या बरोबर भरतात, आणि तरीही रक्तात औषध अपुरेच राहते. अशा माणसाला ‘तुम्ही गोळ्या चुकवता’ असे वारंवार ऐकवले की तो केंद्रात यायचे टाळू लागतो, आणि मग खरोखरच गोळ्या चुकू लागतात.

याचा नियम सोपा आहे. पित्ताचे असे औषध घ्यायचेच असेल, तर एआरटीची गोळी त्याच्या निदान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या भरपेट जेवणासोबत घेतल्या तर एआरटीच्या गोळीबरोबर चालतात, रिकाम्या पोटी मात्र चालत नाहीत. शंखभस्माला आणि तशा इतर भस्मांना या काळात पूर्ण सुट्टी द्यावी हे बरे. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल या वर्गातली पित्ताची औषधे डोल्युटेग्राव्हिरच्या शोषणात अडथळा आणत नाहीत. तेव्हा पातळ औषधाऐवजी यांपैकी एखादे देता येईल का, हे केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. विचारताना ती गुलाबी बाटली आणि भस्माची पुडी दोन्ही पिशवीत घालून न्या. ‘आणखी काही औषध घेता का?’ या प्रश्नाला आपल्याकडे माणूस ‘नाही’ म्हणतो, कारण पित्ताच्या औषधाला तो औषध समजतच नाही. फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल, तर तेही सांगा, कारण त्यांनी डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी उतरते.

आता बोटीविषयी. तुमच्या पत्रात एक तारीख मला बोलकी वाटते. रक्त जूनच्या पहिल्या आठवड्यात दिले, म्हणजे तो आकडा एप्रिल-मेच्या हंगामाचा आहे, जेव्हा यजमान आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रावर होते. जून-जुलैत ते घरी असताना काय घडले, हे त्या आकड्यात नाही. जुनी एफाव्हिरेन्झची गोळी झोपताना घ्यायला सांगत, कारण तिने चक्कर येई, विचित्र स्वप्ने पडत. ती सवय नव्या गोळीच्या बाबतीतही बहुतेकांनी तशीच पुढे चालू ठेवली आहे. पण ट्रॉलरवर रात्र ही झोपण्याची वेळ असतेच असे नाही. जाळे ओढणे, मासळी निवडणे, बर्फात भरणे हे सारे रात्री-अपरात्री चालते, आणि आठ-दहा माणसांच्या केबिनमध्ये कुणाच्या नजरेला न पडता गोळी काढणे सोपे नसते. नव्या गोळीला रात्रीचे बंधन नाही. ती सकाळी घेता येते, जेवणाआधी किंवा नंतर घेता येते, उलट काहींची झोप तिने उडते म्हणून सकाळच अधिक सोयीची. पहाटे उठल्यावर चहाआधी गोळी, आणि पित्ताचे औषध लागलेच तर रात्रीच्या जेवणानंतर, अशी घडी बसवली तर दोन्हींमध्ये आपोआप पुरेसे अंतर पडते. रात्रीवरून सकाळवर कसे यायचे, हे समुपदेशकांना विचारून करा म्हणजे मध्ये गोळी दुप्पटही होणार नाही आणि चुकणारही नाही.

यजमान ‘रोज घेतो’ म्हणतात, त्यावर अविश्वास दाखवण्याची गरज नाही, पण तेवढ्यावर थांबूही नये. ‘गोळी चुकली का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी ‘गेल्या फेरीत कुठल्या दिवशी गोळी घेणे जमवायला सर्वांत कठीण गेले?’ असे विचारून पाहा. डबी कधी मिळाली आणि आज तीत किती गोळ्या उरल्या, याचा हिशोब तुम्ही दोघांनी मिळून करा. केंद्राच्या भाषेत ९५ टक्के नियमितता म्हणजे ३० गोळ्यांच्या महिन्यात फार तर एक गोळी चुकणे. दोन चुकल्या की आपण त्या रेषेखाली जातो. बंदरावर फेरीनंतर दारू होत असेल, तर तेही उघड बोलावे. दारू घेतली म्हणून त्या दिवशी गोळी टाळणारे पुष्कळ आहेत, कारण दोन्ही एकत्र घेतले तर अपाय होईल अशी भीती असते. दारू वाईट आहेच, पण त्या दिवशी गोळी टाळल्याने नुकसान अधिक होते. प्यायलेल्या दिवशीसुद्धा गोळी घ्यायचीच. वेळ टळली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी. आणखी एक बारीक गोष्ट : डबीचा खुळखुळाट होतो, डबीवर नाव असते, म्हणून अनेक जण गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेतात. डबीत ओलावा शोषणारी जी लहान पुडी असते ती उगीच नसते. बोटीवरच्या दमट, खाऱ्या हवेत गोळ्या मूळ डबीतच घट्ट झाकण लावून ठेवाव्यात. लेबल काढून टाकले आणि डबीत थोडा कापूस कोंबला की नाव आणि आवाज दोन्ही जातात.

हे सारे आधी का तपासायचे, औषधच का बदलत नाहीत? बोट चालेना म्हणून इंजिन बदलण्याआधी टाकीत डिझेल पोहोचते आहे की नाही, हे बोट चालवणारा तांडेलसुद्धा पाहतोच. शरीरात हा विषाणू रोज अब्जावधी प्रती काढतो आणि त्या काढताना सतत चुका करतो. औषध पूर्ण मात्रेत असेल तर प्रतीच निघत नाहीत, त्यामुळे चुकांना वाव राहत नाही. औषध अर्धवट असेल तर ज्या प्रतींमधल्या चुकीने त्यांना त्या औषधातून तगून राहता येते, नेमक्या त्याच वाढतात. यालाच औषधाला प्रतिकार निर्माण होणे म्हणतात. जुन्या एफाव्हिरेन्झच्या बाबतीत अशी एकच चूक पुरेशी असे. डोल्युटेग्राव्हिरला हरवायला विषाणूला बरेच अधिक बदल करावे लागतात, आणि म्हणून या गोळीवर असताना लोड वाढलेल्या बहुतेकांच्या बाबतीत गोळी नीट पोटात जाऊन रक्तात पोहोचू लागली की तीच गोळी पुन्हा काम करते. नियमानुसार व्हायरल लोड १,००० किंवा त्याहून अधिक आल्यावर तीन महिने विशेष समुपदेशन, त्या काळात ९५ टक्क्यांहून अधिक नियमितता, आणि मग दुसरी तपासणी असा क्रम आहे. दुसराही आकडा १,००० च्या वर आला, तरच उपचार अपयशी ठरले असे मानून पुढच्या टप्प्याचा विचार होतो.

ही दुसरी तपासणी आपल्याला मिळते आहे, हेही थोडे नाही. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा आणि त्यानंतर कित्येक वर्षे, व्हायरल लोड ही ठरावीक रुग्णांपुरतीच तपासणी होती. बाकीच्यांचे भवितव्य सीडी४ वर आणि वजनकाट्यावर ठरे. सीडी४ उतरते ते विषाणू वाढल्यावर बरेच उशिरा, आणि कधी कधी अन्य किरकोळ आजारानेही उतरते. त्यामुळे काहींचे औषध निकामी झालेले कळतच नसे, तर काहींचे चांगले चालणारे औषध विनाकारण बदलले जाई. २०१८ पासून सर्व रुग्णांची व्हायरल लोड तपासणी होऊ लागली. यजमानांचे सीडी४ अजून ३६० आहे, ही जमेची बाजू आहे. विषाणूची वाढ लवकर लक्षात आली आहे.

तुमच्या भावाच्या म्हणण्यात मात्र एक गोष्ट खरी आहे, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. जूनमध्ये दिलेल्या रक्ताचा अहवाल ऑगस्टच्या मध्यावर मिळणे हा उशीर आहे. मोठ्या शहरांपासून दूरच्या जिल्ह्यांत नमुना थंड ठेवून लांबच्या प्रयोगशाळेत न्यावा लागतो, पावसाळ्यात घाट बंद पडतात, माणसे अपुरी असतात, हे सर्व मान्य. पण दोन अहवालांच्या मधले तीन महिने हा वैद्यकशास्त्राने ठरवलेला अवधी आहे. अहवाल अडकून पडण्याचे, रुग्ण फेरीवर गेल्याने नमुना हुकण्याचे, कागद पुढे न सरकण्याचे महिने त्यात धरलेले नाहीत. साधने तुटपुंजी असलेल्या व्यवस्थेत माणसाचे नुकसान बहुधा याच जादाच्या महिन्यांत होते. औषध खरोखर निकामी झाले असेल, तर त्याच गोळीवर काढलेला प्रत्येक जादा महिना विषाणूला आणखी शिकवतो आणि पुढचे पर्याय कमी करतो.

म्हणून पाठपुरावा तुम्ही हातात घ्या. समुपदेशन ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाले असेल तर दुसऱ्या नमुन्याची वेळ नोव्हेंबरच्या मध्यावर येते. केंद्रात आजच विचारा : नमुना नेमका कोणत्या आठवड्यात घेणार, कोणत्या वारी घेतात, अहवाल साधारण किती दिवसांत येतो, आणि तो न आल्यास कुणाला फोन करायचा. हे सर्व केंद्राने यजमानांना दिलेल्या हिरव्या पुस्तिकेत लिहून घ्या. नोव्हेंबर हा मासेमारीचा भरात आलेला हंगाम. तांडेलाला ‘पोटाच्या दुखण्याची तपासणी’ म्हणून त्या आठवड्याची सुट्टी आतापासून सांगून ठेवली तर ऐन वेळी गोंधळ होणार नाही. पित्ताचा त्रास आहेच, तेव्हा ते खोटेही ठरत नाही. व्हायरल लोड वाढलेला असताना गोळ्या बहुधा महिन्याच्याच देतात. बोट मध्येच रत्नागिरीला किंवा गोव्याकडे थांबली आणि गोळ्या संपत आल्या, तर पुस्तिका दाखवून तिथल्या एआरटी केंद्रातून मिळतील का, हेही आधीच विचारून ठेवावे. एसटीच्या प्रवास सवलतीत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा समावेश आहे, पण ती घेताना वाहकाला दाखला दाखवावा लागतो, आणि गावच्या गाडीत तो दाखवण्यापेक्षा तिकीट काढलेले अनेकांना परवडते. तुमच्या घरची परिस्थिती पाहता तुम्ही तसे केलेत तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरा आकडा १,००० च्या खाली आला, तर तीच गोळी चालू राहील. तो वर आला, तर मात्र एक दिवसही दवडू नका. केंद्रातले डॉक्टर सर्व कागद राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवतात आणि समिती पुढचा संच ठरवते. दुसऱ्या टप्प्याची औषधेही सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात. २००८ मध्ये ती पहिल्यांदा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळच्या तांबरम येथे सुरू झाली. त्या औषधांत अटाझानाव्हिर असण्याची शक्यता असते. त्याने डोळे पिवळे दिसू शकतात, ती बहुधा कावीळ नसते, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यायची. आणि लक्षात ठेवा, अटाझानाव्हिरचे पित्ताच्या औषधांशी गणित वेगळे आहे : डोल्युटेग्राव्हिरबरोबर निर्धोक असलेले पँटोप्राझोल इथे घोटाळा करते. तेव्हा संच बदलला तर पित्ताचा विषय पहिल्यापासून पुन्हा काढायचा.

मुंबईला जाऊन खाजगीत औषधे घेण्याविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. दुसऱ्या अहवालाआधी संच बदलणे म्हणजे कदाचित चालणारे औषध टाकून देणे, आणि पुढे मागे उरणारे पर्याय मोजकेच आहेत. शिवाय ही औषधे आयुष्यभर, दर महिन्याला घ्यायची असतात. खलाशाच्या हिश्शात ती किती महिने विकत घेता येतील? एखाद्या फेरीला मासळी लागली नाही की त्या महिन्याची औषधे राहिली, आणि मग नवा संचही जुन्याच वाटेने जाईल. दुसरे मत हवेच असेल तर कागद घेऊन मोठ्या सरकारी केंद्रात जा, केंद्राच्या डॉक्टरांना सांगून जा.

वैद्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. एचआयव्ही शरीरातून मुळासकट काढणारे औषध आज कोणत्याही पद्धतीत नाही. गोळी बंद केली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा उसळतो. प्रतिकार तपासण्याची जनुकीय चाचणी पुढे कधी करावी लागली, तर औषध बंद असताना घेतलेल्या नमुन्यात प्रतिकार असलेला विषाणू लपून राहतो आणि चाचणीचा उपयोग होत नाही.

यजमानांना खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे यांपैकी एकही तक्रार असेल, तर ती तीन महिने थांबवून ठेवू नका. क्षयरोगाची तपासणी लगेच करून घ्या. आणि क्षयाची औषधे कुठल्याही दवाखान्यात सुरू झाली, तरी एआरटी केंद्राला कळवा, कारण त्यातले रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरची पातळी इतकी खाली आणते की त्या काळात रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी द्यावी लागते.

सासूबाईंना सांगायचे की नाही, हा तुमच्या दोघांचा निर्णय आहे आणि केंद्रातले कुणीही त्यासाठी तुमच्यावर दबाव आणू शकत नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय माहिती उघड करणे आणि या कारणाने कामावरून काढणे त्याने बेकायदा ठरवले आहे. नाव न सांगता काही विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, तो तुमच्या स्वतःचा. विषाणू ‘सापडत नाही’ अशा स्थितीत असताना शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही, आणि त्या भरवशावर तुम्ही दोघांनी निरोध वापरणे सोडले असेल तर त्यात वावगे काही नव्हते. २३,४०० ला तो भरवसा लागू नाही. लोड पुन्हा दबल्याचा अहवाल हाती येईपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरा. गेल्या काही महिन्यांत तो वापरला नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) तुमची तपासणी याच आठवड्यात करून घ्या; ती मोफत आणि गोपनीय असते. निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करायची आहे, तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात यजमानांच्या तपासण्यांबरोबर तुमची तारीखही त्याच हिरव्या पुस्तिकेत मागच्या पानावर लिहून ठेवा.